रॉबेन बेटाची फेरी: तुरुंग दिसतो, वाटाघाटी शोधाव्या लागतात

केप टाउनच्या व्ही अँड ए वॉटरफ्रंटवरून रॉबेन बेटावर नेणारी ही फेरी साडेतीन ते चार तासांची आहे. दोन्ही वेळचा समुद्रप्रवास आणि बोटीतली चढउतार वजा केली तर बेटावर दोन तासांच्या आसपास हाती लागतात. त्यातला साधारण निम्मा वेळ बसमध्ये जातो, निम्मा तुरुंगात. परत आलेल्यांना विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात: मंडेलांची कोठडी फार लहान होती. लहान आहेच. पण नेल्सन मंडेला १९६४ ते १९८२ अशी अठरा वर्षं इथे होते, आणि त्या काळात त्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांशी बोलून, अडून बसून, वाट पाहून एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली. पुढे १९९० ते १९९४ या चार वर्षांत देश यादवीच्या तोंडाशी गेला आणि मागे आला, त्यात या सरावाचा वाटा फार मोठा आहे. त्याच्या खुणा फेरीत जागोजागी आहेत, पण तिथे थांबून त्या दाखवायला कोणाला सवड नसते. म्हणून काय बघायचं ते आधी ठरवून गेलेलं बरं.

आधी तिकिटाचं. ते रॉबेन आयलंड म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावं. अलीकडचे दर परदेशी प्रौढाला ६०० रँड, दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकाला ४०० रँड, मुलांना कमी. बोट, बेटावरची बस आणि दोन्ही गाईड यातच आले. सकाळी ९, ११ आणि दुपारी १ वाजता बोटी सुटतात, उन्हाळ्यात ३ वाजता आणखी एक. तिथला उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि तेव्हा तिकिटं बरेच दिवस आधी संपतात. निघायच्या जागेला नेल्सन मंडेला गेटवे म्हणतात, क्लॉक टॉवरच्या शेजारी. बोटीच्या वेळेआधी किमान अर्धा तास पोचायचं. सुरक्षा तपासणी असते आणि ओळखपत्र लागतं.

या सेवेत सगळ्यात जास्त बिनसतं ते हवेमुळे. जून ते ऑगस्टमध्ये वायव्येकडून वादळं येतात, उन्हाळ्यात आग्नेयेचा जोराचा वारा सुटतो. टेबल बेमध्ये लाटा वाढल्या की फेरी रद्द होते, कधी कधी प्रवासी रांगेत उभे असताना. अशा वेळी पैसे परत किंवा दुसरी तारीख मिळते, पण दुसऱ्या तारखेला तुम्ही केप टाउनमध्ये असलात तरच तिचा उपयोग. म्हणून ही फेरी मुक्कामाच्या पहिल्या पूर्ण दिवशी ठेवावी, शेवटच्या दिवशी कधीच नाही. वेळ सकाळी ९ ची घ्यावी, दुपारनंतर वारा वाढायची शक्यता जास्त असते. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी आणि खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसावं, तिथे हेलकावे कमी बसतात. भर उन्हाळ्यातही वारा अडवणारं जाकीट सोबत हवंच.

बेट सपाट आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. नाव डच भाषेतलं, 'रॉब' म्हणजे सील. बंदरावर उतरून तुरुंगाकडे निघालं की दगडी कमान लागते. तिच्यावर आफ्रिकान्समध्ये, म्हणजे सत्ताधारी गोऱ्यांच्या डच वळणाच्या भाषेत, आणि इंग्रजीत लिहिलंय की आम्ही अभिमानाने सेवा करतो. ती कमान कैद्यांकडूनच बांधून घेतली होती. इथे लोक फोटो काढून पुढे पळतात. मिनिटभर थांबून ती आफ्रिकान्स ओळ बघावी. मंडेलांनी आफ्रिकान्स इथेच अभ्यासाला घेतली, आणि ते बऱ्याच सहकाऱ्यांना रुचलं नव्हतं. जुलमाची भाषा कशाला शिकायची, हा त्यांचा प्रश्न. मंडेलांचा हिशोब सरळ होता: ज्याच्याशी एक दिवस टेबलावर बसायचं आहे त्याचा इतिहास, त्याचे कवी, त्याची भीती कळायला हवी. वॉर्डरांशी ते त्यांच्याच भाषेत बोलत.

तुरुंगाचा भाग माजी राजकीय कैदी दाखवतो, आणि या फेरीची खरी किंमत तिथे वसूल होते. हे गाईड पाठ केलेलं बोलत नाहीत. आपल्यावरचा खटला, आपली शिक्षा, आपली कोठडी यातूनच ते सुरुवात करतात. राजकीय कैद्यांना इथून १९९१ पर्यंत सोडून देण्यात आलं, म्हणजे त्यातले वयाने सगळ्यात लहान असलेलेही आता पन्नाशी-साठीत आहेत. ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही. उणीव आवाजाची: सामुदायिक कोठडीच्या भिंती आणि फरशी नुसती घुमतात, आणि मागच्या बाकांवर निम्मे शब्द पोचत नाहीत. आत शिरताच गाईडजवळचं बाक धरावं.

याच खोलीत आहाराचा तक्ता लावला आहे. सगळ्या फेरीत सर्वांत जास्त वेळ द्यावा असा हा तक्ता, आणि तिथे एक मिनिटही मिळत नाही. दोन रकाने आहेत: एक 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय आणि आशियाई कैद्यांचा, दुसरा काळ्या आफ्रिकी कैद्यांचा. मांस एकाला ६ औंस, दुसऱ्याला ५. चरबी एकाला १ औंस, दुसऱ्याला अर्धा. जॅम किंवा सिरप एकाला १ औंस, दुसऱ्याला काहीच नाही. एकाला पाव, तर दुसऱ्याला मक्याच्या पिठाचं पेय. मंडेलांना बेटावर आणणाऱ्या रिव्होनिया खटल्यात जन्मठेप झालेले अहमद कथराडा भारतीय वंशाचे, म्हणून त्यांना पाव मिळायचा. शेजारच्या कोठडीतल्या मंडेलांना आणि वॉल्टर सिसुलूंना नाही. खटला एक, शिक्षा एक, तुरुंग एक, फरक कातडीचा. त्याच खटल्यातले डेनिस गोल्डबर्ग गोरे होते, तर त्यांना या बेटावर आणलंच नाही, प्रिटोरियाला ठेवलं.

कपड्यांचंही तसंच. कथराडांना लांब पँट आणि मोजे. आफ्रिकी कैद्यांना अर्धी पँट, मोजे नाहीत. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला अर्धी पँट घालायला लावायची याचा अर्थ तू 'बॉय' आहेस, मोठा माणूस नाहीस. मंडेलांनी पहिल्या दिवसापासून याची तक्रार लावून धरली. दोनेक आठवड्यांनी त्यांच्या कोठडीत एक लांब पँट येऊन पडली. त्यांनी चौकशी केली तर ती फक्त त्यांनाच मिळाली होती. सगळ्यांना मिळणार नसेल तर मलाही नको, असं त्यांनी सांगितलं आणि पँट परत गेली. सर्वांना लांब पँट मिळायला पुढे तीनेक वर्षं लागली.

मंडेलांचं पुढचं राजकारण समजून घ्यायला हा प्रसंग पुरेसा आहे, आणि गाईडने स्वतःहून सांगितला नाही तर आवर्जून विचारावा. ३१ जानेवारी १९८५ ला राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथांनी संसदेत जाहीर केलं की मंडेलांनी हिंसेचा मार्ग बिनशर्त सोडला तर त्यांना मोकळं करू. १० फेब्रुवारीला सोवेटोच्या जाबुलानी स्टेडियममध्ये त्यांची मुलगी झिंद्झी हिने त्यांचं उत्तर वाचून दाखवलं: वाटाघाटी स्वतंत्र माणूस करतो, कैद्याला करार करता येत नाही, आणि माझ्या संघटनेवर, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर, बंदी असताना माझ्या एकट्याच्या सुटकेला काय अर्थ. ती परत केलेली पँटच होती, वीस वर्षांनंतरची.

मग बी विभाग, मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठेवलं तो. इथे अंगण आहे जिथे सुरुवातीच्या काळात कैदी रांगेत बसून हातोडीने दगड फोडायचे. भिंतीलगत मंडेलांची बाग. तिच्यातच त्यांच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित डब्यांत घालून पुरलं होतं. मंडेलांनी रात्री लिहायचं, सहकैदी मॅक महाराज आणि लालू चिबा यांनी ते बारीक अक्षरात उतरवून घ्यायचं, कथराडा आणि सिसुलूंनी शेरे मारायचे, अशी पद्धत. १९७६ मध्ये महाराज सुटले तेव्हा ती बारीक प्रत बाहेर गेली. अंगणात भिंतीचं काम निघालं आणि पुरलेले कागद सापडले, तेव्हा शिक्षा म्हणून मंडेलांची अभ्यासाची सवलत चार वर्षं बंद झाली.

कोठडी मार्गिकेत उजव्या-डाव्या हाताला शोधत बसायची गरज नाही, गर्दीच सांगते. दार बंद असतं, गजांतून बघायचं. आत घायपाताची चटई, घोंगड्या, एक लहानसं टेबलवजा स्टूल, ताट-वाटी आणि रात्रीसाठी झाकणाची बादली. सहा फुटांपेक्षा उंच माणूस झोपला की एका भिंतीला पाय आणि दुसऱ्या भिंतीला डोकं लागायचं. पलंग बऱ्याच वर्षांनी आला. सुरुवातीला सहा महिन्यांत एक पत्र आणि एक भेट, पत्र ५०० शब्दांच्या आत. इथे घाई करतात, मागचा गट येत असतो. युक्ती एवढीच की आपण गटात सर्वांत मागे राहायचं. पुढचे फोटो काढून सरकले की थोडा वेळ दार आपल्या एकट्याकडे येतं.

शेजारच्या ए विभागात कैद्यांनी जपलेल्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. नेहमीच्या फेरीत ते बहुधा वगळलं जातं, विचारून बघावं. हा या सेवेचा मोठा दोष म्हणायला हवा: सर्वांत बोलकी गोष्ट वेळापत्रकात बसत नाही. तसंच शेक्सपिअरच्या त्या ग्रंथाचं. सनी वेंकटरत्नम या कैद्याने शेक्सपिअरच्या समग्र नाटकांना दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचं कव्हर घातलं आणि वॉर्डरना सांगितलं की हा आमचा धर्मग्रंथ आहे. तो ग्रंथ कोठडी-कोठडीत फिरला आणि आवडत्या ओळीसमोर प्रत्येकाने सही केली. मंडेलांनी १६ डिसेंबर १९७७ ला 'ज्युलिअस सीझर'मधली ओळ निवडली, भित्रा माणूस मरणाआधी अनेकदा मरतो ती. याबद्दल विचारलं तर चांगले गाईड खुलून बोलतात.

विचारण्यासारखा आणखी एक प्रसंग आहे, शांततेचं राजकारण हा विषय असेल तर तोच सर्वांत महत्त्वाचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पीट बाडेनहॉर्स्ट नावाचा अतिशय कठोर अधिकारी बेटावर आला. मारहाण, सवलती काढून घेणं, शिवीगाळ. कैद्यांनी तक्रारी बाहेर पोचवल्या, आणि तीन न्यायाधीश बेटावर आले. मंडेलांनी एकांतात बोलायला नकार दिला आणि बाडेनहॉर्स्टच्या समोरच सगळं सांगितलं. त्याने तिथेच धमकी दिली. तेव्हा मंडेला न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, तुमच्यासमोर हा असं बोलतो तर मागे काय करत असेल ते तुम्हीच ठरवा. काही महिन्यांत बाडेनहॉर्स्टची बदली झाली. जाण्याआधी त्याने मंडेलांना सांगितलं की तुम्हा सगळ्यांना माझ्या शुभेच्छा. या साध्या वाक्याने मंडेला चकित झाले. क्रूर वागणारा माणूस आतून तसाच असतो असं नाही, व्यवस्था बदलली तर माणूस बदलू शकतो, हा निष्कर्ष त्यांनी इथे काढला. त्या तीन न्यायाधीशांपैकी एक मायकेल कॉर्बेट. १० मे १९९४ ला प्रिटोरियात मंडेलांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ देणारे सरन्यायाधीश तेच.

बसचा भाग त्यामानाने सपाट. कुष्ठरोग्यांची दफनभूमी, १८९५ चं चर्च, १८६५ चा दीपस्तंभ, मोतुरू यांचा दर्गा, पेंग्विन, सगळं खिडकीतून. बहुतेक फेऱ्यांत एकदाच खाली उतरवतात, समुद्रापलीकडचा टेबल माउंटन बघायला; खाण्याचं काहीबाही तिथेच मिळतं, तेव्हा पोट भरून निघावं. दोन जागी मात्र खिडकीला नाक लावून बसावं.

पहिली, रॉबर्ट सोबुक्वेंचं घर. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसं मारली, तो काळ्या लोकांवर सक्तीने लादलेल्या 'पास' या ओळखपत्राविरुद्धचा मोर्चा सोबुक्वेंच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचा. त्यांची तीन वर्षांची शिक्षा संपत आली तेव्हा त्यांना सोडायचं नाही म्हणून १९६३ मध्ये खास कलम आणलं, आणि दर वर्षी मुदत वाढवत १९६९ पर्यंत त्यांना या घरात एकटं ठेवलं. इतर कैद्यांशी बोलायला बंदी. मंडेलांना बोलायला माणसं होती, वाद घालायला गोवन एम्बेकींसारखे सहकारी होते. सोबुक्वेंना कोणीच नव्हतं. एकाकी ठेवण्याची शिक्षा काय करते ते या घराकडे बघून कळतं, आणि बी विभागाने मंडेलांना काय दिलं तेही.

दुसरी, चुनखडीची खाण. इथे मंडेलांनी जवळजवळ तेरा वर्षं कुदळ चालवली. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे खराब झाले. गडद चष्मे मागून मिळायला तीन वर्षं गेली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर फोटोग्राफरांना फ्लॅश वापरू नका अशी विनंती असायची ती यामुळे. खाणीतली गुहा हे जेवणाचं आणि शौचाचं ठिकाण, पण तिथेच वर्ग चालत. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं: इतिहास, कायदा, अक्षरओळखसुद्धा. खाणीच्या तोंडाशी लहानमोठ्या दगडांचा ढीग दिसेल. १९९५ मध्ये माजी कैदी पुन्हा इथे जमले, मंडेलांनी एक दगड उचलून ठेवला आणि मागोमाग प्रत्येकाने एकेक. ना फलक, ना चौथरा. बेटावरचं सर्वांत चांगलं स्मारक हेच.

आता फेरीत जे नाही ते. १९८२ मध्ये मंडेलांना मुख्य भूमीवरच्या पोल्समूर तुरुंगात हलवलं, आणि गोष्ट तिथे तुटते. 'मग ते सुटले आणि राष्ट्राध्यक्ष झाले' अशा एका वाक्यात पुढची बारा वर्षं उरकली जातात. खरं राजकारण त्या बारा वर्षांत आहे. १९६१ मध्ये सशस्त्र लढ्याची संघटना उभी करणारा माणूस चर्चेकडे कसा वळला? नोव्हेंबर १९८५ मध्ये शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात असताना न्यायमंत्री कोबी कूत्सी भेटायला आले. रुग्णालयातून परतल्यावर मंडेलांना सहकाऱ्यांपासून वेगळं ठेवलं, आणि या एकांताचा त्यांनी उपयोग करून घेतला: कोणालाही न विचारता सरकारशी बोलणं सुरू केलं. पँट परत करणाऱ्या माणसाने इथे एकट्याने पाऊल टाकलं, कारण आधी विचारलं असतं तर नकार आला असता हे त्यांना ठाऊक होतं. सवलत एकट्याने घ्यायची नाही, जोखीम मात्र एकट्याने घ्यायची. ५ जुलै १९८९ ला बोथांबरोबर चहा झाला. दाराबाहेर गुप्तचर प्रमुख नील बर्नार्ड यांना मंडेलांच्या बुटाची नाडी सैल दिसली आणि त्यांनी खाली वाकून ती बांधली.

सुटका ११ फेब्रुवारी १९९० ला. तिथून निवडणुकीपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. जून १९९२ मध्ये बॉइपाटाँग या काळ्यांच्या वस्तीत हत्याकांड झालं आणि चर्चा थांबली; सप्टेंबरमध्ये समझोता होऊन ती पुन्हा रुळावर आली. १० एप्रिल १९९३ ला मंडेलांचे सहकारी आणि कम्युनिस्ट पक्षाचे नेते ख्रिस हानी यांची घरासमोर हत्या झाली तेव्हा देश पेटण्याच्या बेतात होता. राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लार्क होते, पण लोकांना शांत करायला दूरदर्शनवर आले मंडेला. मारेकरी गोरा होता, आणि त्याच्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवणारी शेजारीण आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणारी गोरी, होती, हे दोन्ही त्यांनी एकाच भाषणात सांगितलं. त्यानंतर निवडणुकीची तारीख पक्की झाली, २७ एप्रिल १९९४. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ६२.६५ टक्के मतं आणि ४०० पैकी २५२ जागा. डी क्लार्क मंडेलांच्या मंत्रिमंडळात उपराष्ट्राध्यक्ष झाले.

हा भाग बघायला वेगळं तिकीट लागत नाही, पायी फिरायची तयारी लागते. सकाळी बोटीआधी वॉटरफ्रंटवरच जेट्टी १ बघावी. कैद्यांना आणि भेटीला येणाऱ्या नातेवाइकांना इथूनच बोटीत चढवत. बेटावरून परतल्यावर जवळच नोबेल स्क्वेअर आहे, देशाच्या शांतता-नोबेल विजेत्यांचे पुतळे असलेला: लुथुली, टुटू, डी क्लार्क आणि मंडेला, चौघे एका ओळीत. मग शहरात जाऊन कंपनीज गार्डनच्या कडेने बंगलेवजा पांढरी इमारत दिसते ती ट्युनहाइस, राष्ट्राध्यक्षांचं केप टाउनमधलं कार्यालय. आत सोडत नाहीत, पण बोथांबरोबरचा चहा झाला तो इथे. शेवटी ग्रँड परेडसमोरचा सिटी हॉल. सुटकेच्या संध्याकाळी ज्या सज्जातून ते बोलले तिथे आता त्यांचा पुतळा उभा आहे. त्या दिवशी चष्मा तुरुंगात विसरला म्हणून भाषण वाचायला त्यांनी पत्नी विनीचा चष्मा लावला होता.